जुन्या मोटारसायकलचे हेड का गळते आणि ते नीट कसे बसवावे

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्याशेजारी वडिलांनी १९८९ साली घेतलेली हीरो होंडा सीडी १०० अजून उभी असते, आणि ती चालतेही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिच्याखालच्या फरशीवर रोज सकाळी जुन्या चार आण्याएवढा तेलाचा डाग दिसू लागला. पुढे महेश्वरहून परतताना, निमाडातून माळव्यावर चढणाऱ्या घाटात गाडीला जोर लागला, की इंजिनाच्या पुढच्या भागातून चिमणीच्या पिलासारखा बारीक ‘चिक-चिक’ आवाज येऊ लागला. एका गॅरेजात गाडी दाखवली, तेव्हा तिथल्या कारागिराने बोट लावून तेल पाहिले आणि “थोडा कस देते हैं” असे म्हणत तापलेल्या इंजिनावरच हेडचे चारही नट ओढले. आठ दिवस डाग पडला नाही, नंतर पुन्हा पडू लागला. पुन्हा नट ओढले गेले. आणि तिसऱ्या खेपेला त्यांतला एक नट घट्ट होईना, नुसता फिरतच राहिला, कारण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीत, बसलेल्या स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या दांड्याचे) आटे उखडून आले होते. किरकोळ किमतीच्या गॅस्केटचे काम त्यामुळे लेथवर जाऊन पोचले.

लेथचा तेवढा भाग सोडला तर बाकीचे काम मी नंतर माझ्या पुतण्याला सोबत घेऊन घरीच केले. हेडची गळती म्हणजे नेमके काय, ती नट आवळून का थांबत नाही आणि थांबवायची असेल तर कोणत्या क्रमाने काय तपासावे लागते, हे इथे सविस्तर सांगत आहे. उदाहरण एका १०० सीसीच्या गाडीचे असले तरी हवेवर थंड होणाऱ्या बहुतेक जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांना यातले तत्त्व लागू पडते.

आधी हेडचे काम समजून घ्यावे. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो त्या भागाला कारागीर ब्लॉक म्हणतात आणि त्या नळीचे तोंड बंद करणारे जड झाकण म्हणजे हेड. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण या झाकणाखालीच पेटते. सीडी १०० चे इंजिन ९७.२ सीसीचे असून नळीचा व्यास ५० मिलिमीटर आहे, म्हणजे हेडच्या ज्या भागावर स्फोटाचा दाब येतो त्याचे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना अशा इंजिनात दाब क्षणभर ४० ते ५० बारपर्यंत चढतो, म्हणजेच हेडला वर उचलणारे बल ८०० ते १,००० किलो वजनाएवढे असते. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर हा धक्का सेकंदाला तेहेतीस वेळा बसतो. चार बारीक स्टड आणि त्यांवरचे चार नट एवढ्यांच्या भरवशावर हे झाकण जागेवर राहते.

हेड आणि ब्लॉक यांच्या मध्ये गॅस्केट असते, ज्याला बाजारात पॅकिंगही म्हणतात. त्याला एकाच वेळी तीन निरनिराळ्या गोष्टी अडवायच्या असतात, हे लक्षात आले म्हणजे गळतीचे अर्धे कोडे सुटते. पहिली गोष्ट म्हणजे नळीच्या काठाभोवतीचा तापलेला वायू. दुसरी म्हणजे पंपाने वर ढकललेले तेल. या जातीच्या इंजिनात ते चार स्टडांपैकी एका स्टडच्या भोकातून वर चढून कॅमशाफ्ट आणि रॉकरपर्यंत, म्हणजे वॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या भागांपर्यंत, जाते. तिसरी म्हणजे कॅमची चेन जिच्यातून जाते ती बाजूची पोकळी, जिच्यातून तेल परत खाली उतरते. वायूची वाट फुटली तर आवाज येतो, ताकद कमी होते आणि सांध्यावर काजळी धरते. तेलाची वाट बाहेरच्या बाजूला फुटली तर डाग पडतो. आणि तेलाची वाट आत नळीकडे फुटली तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो आणि तेलाची पातळी गुपचूप उतरत जाते.

आता नट आवळल्याने काम का भागत नाही ते पाहू. घट्ट आवळलेला स्टड ही वास्तविक एक ताठ स्प्रिंग असते. नट फिरवला, की स्टड किंचित लांबतो आणि आखडून परत येण्याच्या ओढीने हेडला ब्लॉकवर दाबून धरतो; गॅस्केट टिकते ते या दाबामुळे. आता यात उष्णता आणा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा १३० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.३० मिलिमीटर वाढतो, तर तेवढाच पोलादी तुकडा सुमारे ०.१६ मिलिमीटर वाढतो. म्हणजे गाडी तापली की ॲल्युमिनियमचे हेड आणि ब्लॉक स्टडांपेक्षा अधिक फुगतात, स्टड आणखी ताणले जातात आणि मधले गॅस्केट अधिक चेपले जाते. गाडी थंड झाली की हा दाब ओसरतो. गाडी सुरू झाली आणि बंद झाली, की हे चक्र एकदा पुरे होते. तीस-पस्तीस वर्षांत अशी हजारो चक्रे झाल्यावर गॅस्केटची उसळी संपते, ते चेपलेलेच राहते आणि थंड असताना स्टडांची पकड ढिली पडते. शिवाय दोन स्टडांच्या मधला भाग किंवा एक्झॉस्टच्या बाजूचा जास्त तापणारा भाग हळूहळू वाकतो, आणि हेडचा तळ सपाट न राहता किंचित कमानदार होतो.

नट ओढून वाकलेला तळ सपाट होत नाही आणि मेलेल्या गॅस्केटला उसळी येत नाही. फार तर पकड थोडी वाढून वाट काही दिवस बुजते. त्यातही इंजिन तापलेले असताना स्टड आधीच जास्त ताणलेले असतात आणि ते ज्यात रुतलेले असतात ते क्रँककेसचे आटे मऊ ॲल्युमिनियमचे असतात. तशात पान्याचा जोर लावला की आटे उखडण्याची पाळी येते. हेडच्या नटांना हात लावायचा तो रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच, हा नियम सोडू नये.

माळव्यात याला आणखी एक गोष्ट हातभार लावते. सीडी १०० सारख्या गाड्यांची नळी जवळजवळ आडवी असते आणि हेड थेट पुढच्या चाकाच्या मागे येते. पावसाळ्यात आपली काळी माती चाकावरून उडून हेडच्या थंडाव्याच्या पात्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, जाऊन बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. त्यात तेल झिरपत असेल तर मातीचा लेपच तयार होतो. पात्यांमधून हवा खेळली नाही की हेड एका अंगाने जास्त तापते आणि लवकर वाकते. पावसाळा संपल्यावर लाकडी काडीने किंवा नायलॉनच्या ब्रशाने या फटी मोकळ्या करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि मला ते तेल बदलण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

हेड उघडण्याआधी गळती खरोखर तिथूनच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. हेडच्या नावावर खपणारी निम्मी तेलगळती प्रत्यक्षात त्याच्या आसपासच्या जागांवरून होते, असे माझे मत बनले आहे: टॅपेटच्या (रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामधली फट लावतात त्या जागेच्या) गोल झाकणांखालचे रबरी ओ-रिंग, कॅमच्या बाजूच्या झाकणाचे पॅकिंग, नटाखालचा चपटलेला तांब्याचा वॉशर. तेल वाऱ्याने मागे पसरते आणि वजनाने खाली उतरते, त्यामुळे ते दिसते एका जागी आणि निघते दुसऱ्याच जागेवरून. म्हणून इंजिन आधी डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश यांनी स्वच्छ धुवावे, कोरडे पुसावे आणि संशयाच्या सर्व सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. नंतर गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून आणावी आणि लगेच बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर ओल नेमकी कुठे सुरू झाली ते दिसते. आमच्या गाडीला टॅपेटची झाकणे कोरडी होती, आणि ओलीची बारीक रेघ हेड-ब्लॉकच्या सांध्याच्या खालच्या कडेला, चेनच्या पोकळीच्या बाजूने सुरू होत होती.

वायूची गळती शोधण्याची साधी युक्ती म्हणजे थंड इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचे पाणी लावणे. जिथून वायू निघतो तिथे बुडबुडे येतात. याहून भरवशाची तपासणी दाबाच्या हवेने होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण दाबण्याच्या, शेवटी अगदी वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकात ॲडॅप्टर लावून बेताच्या दाबाची हवा सोडायची आणि कान देऊन ऐकायचे. कार्बोरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर इनलेट वॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, तेल भरण्याच्या भोकातून आली तर बहुधा पिस्टनच्या रिंगा, आणि सांध्यातून आली तर गॅस्केट. हवा पिस्टनला खाली ढकलू पाहते, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरावा आणि किकजवळ पाय ठेवू नये. रिंगा गळतात का हे पाहण्यासाठी नळीत चमचाभर तेल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजण्याची जुनी रीत उभ्या इंजिनासाठी चांगली आहे. आडव्या नळीत मात्र ते तेल खालच्या अंगाला साचते, सगळ्या रिंगेभोवती पसरत नाही, म्हणून सीडी १०० मध्ये तिच्यावर फार विसंबू नये.

इथे दुसऱ्या दोन गाड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण इंदूरच्या रस्त्यांवर त्याही पुष्कळ आहेत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, म्हणजे सांध्याच्या दोन अंगांचे प्रसरण वेगवेगळे होते. पण तिच्या माथ्यावर दिसणारे तेल बहुधा रॉकरच्या झाकणांचे असते, म्हणून ते आधी पाहावे. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक असल्याने तिच्या हेडमध्ये वॉल्व्ह नसतात आणि तेलाची वाटही नसते. तिथे सांधा फुटला तर आवाज आणि काळा चिकट थर दिसतो, आणि काम बरेच सोपे असते.

गळती सांध्यातूनच आहे असे ठरल्यावर मग हेड उतरवावे. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर, प्लग आणि सायलेन्सर सोडवावेत. सायलेन्सरचे नट गंजून जाम झालेले असतात, त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. डावीकडच्या झाकणातून मॅग्नेटोचे (वीज तयार करणाऱ्या भागाचे) चाक फिरवून त्यावरची ‘टी’ ही खूण केसवरच्या खुणेसमोर आणावी. त्याच चाकावर ‘एफ’ अशी दुसरी खूण असते, ती ठिणगी पडण्याच्या वेळेची आहे; घाईत लोक तिच्यावरच चाक थांबवतात आणि पुढे सगळे टायमिंग चुकते. ‘टी’ जुळल्यावर दोन्ही टॅपेट बोटाने किंचित हलले पाहिजेत. ते हलत नसतील तर चाक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. मग कॅमच्या चाकावरची खूण कशी आहे त्याचा फोटो काढून ठेवावा, चेनचा ताण सैल करावा, कॅमचे चाक सोडवावे आणि चेनला तारेचा आकडा अडकवून ती वर बांधून ठेवावी, कारण ती आत पडली तर काढताना फार हाल होतात.

हेडचे नट एकदम सोडू नयेत. तिरपे समोरासमोरचे नट धरून प्रत्येक खेपेला पाव फेरा, असे ते हळूहळू ढिले करावेत, म्हणजे हेडवर एकाच कोपऱ्यातून ताण येत नाही. चार मुख्य नटांखेरीज बाजूला एक छोटा बोल्ट असतो आणि तो तेलकट मातीखाली लपलेला असतो. तो राहिला आणि वरून ठोकाठोकी सुरू झाली की एखादी पाती मोडते. नट निघाल्यावरही हेड चिकटून बसले तर लाकडी किंवा रबरी हातोडीने बाजूच्या जाड भागावर हलकेच ठोकावे. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटणे पूर्णपणे टाळावे, कारण त्याने पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची तयार वाट असते.

हेड हातात आल्यावर जुने गॅस्केट टाकून देण्याची घाई करू नये, आधी ते वाचावे. आमचे गॅस्केट पुतण्याने हातात धरून उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “काका, हे तर कुठेच फाटलेलं नाही.” मी म्हणालो, “फाटलंय का ते नको बघू, रंग बघ. खिडकीपाशी ये, तिरपं धर.” उजेडात तिरपे धरल्यावर दिसले, की नळीच्या काठाची धातूची कडी सगळीकडे राखाडी आणि एकसारखी चेपलेली होती, पण चेनच्या पोकळीकडच्या बाजूला सुमारे दोन सेंटिमीटर भागात तिच्यावर दाबाची खूण जवळजवळ उमटलेलीच नव्हती, आणि तिथूनच काजळीची काळी जीभ बाहेरच्या बाजूला गेली होती. त्या दोन सेंटिमीटरांत हेड आणि ब्लॉक गॅस्केटला नीट दाबतच नव्हते. नुसते नवे गॅस्केट घातले असते, तर तेही त्याच जागी फुटले असते.

म्हणून पुढची पायरी सपाटी तपासण्याची. नळीत आणि चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबून ब्लॉकवरचे गॅस्केटचे अवशेष पितळेच्या पट्टीने किंवा लाकडी पाचरीने काढावेत; ॲल्युमिनियम मऊ असते, त्यावर पोलादी पटाशी किंवा घासण्याचे मशीन लावू नये. हेडमधले वॉल्व्ह काढून ठेवावेत आणि हेड धुऊन कोरडे करावे. मग त्याच्या तळावर उत्तम प्रतीची पोलादी सरळ पट्टी कडेवर उभी धरावी आणि तिच्याखाली फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पानांच्या साधनाचे) ०.०५ मिलिमीटरचे पान सरकवून पाहावे. ही जाडी माणसाच्या बारीक केसाएवढी असते. पट्टी चारही कडांना समांतर आणि दोन्ही कर्णांवर, अशी सहा दिशांनी ठेवून पाहावी. कोठेही ०.०५ चे पान आत शिरले तर हेड वाकले आहे असे समजावे. ब्लॉकचा माथाही असाच तपासावा. आमच्या हेडला पाच दिशांनी पान शिरले नाही. सहाव्या दिशेने, चेनच्या पोकळीच्या कडेला, ते अलगद आत गेले. गॅस्केटवरची काळी जीभ बरोबर त्याच जागची होती. दोन वेगवेगळ्या साक्षी एकाच ठिकाणी बोट दाखवतात, तेव्हा पुढचे काम निर्धास्तपणे करता येते.

थोडा वाक असेल तर हेड काचेवर घासून सपाट करता येते. काच टेबलावर घालतात तशी, १० किंवा १२ मिलिमीटर जाडीची, साध्या फ्लोट जातीची घ्यावी. ही काच वितळलेल्या कथलाच्या पृष्ठभागावर तरंगत ठेवून तयार करतात, त्यामुळे घरगुती कामाला पुरेल इतकी ती सपाट असते. काच डगमगणार नाही अशा जागी ठेवून तिच्यावर ४०० नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर ताणून बसवावा आणि साबणाच्या पाण्याने ओला ठेवावा. हेडच्या तळावर मार्करने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात, दोन्ही हातांनी हेड धरून फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाएवढ्या दाबाने इंग्रजी आठच्या आकारात घासावे, आणि दर वीस आवर्तनांनंतर ते पाव फेरा फिरवून धरावे, म्हणजे हाताच्या सवयीमुळे एक बाजू जास्त झिजत नाही. पहिल्या काही मिनिटांत उंच भागांवरच्या रेघा पुसल्या जातात आणि सखल भागावरच्या तशाच राहतात. हेड कुठे वाकले आहे याचा तो नकाशाच असतो. शेवटची रेघ पुसली गेली की थांबावे आणि ६०० नंबरच्या पेपरवर थोडे फिरवून घ्यावे. आमच्या हेडला यासाठी तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला आणि शेवटची दोन सेंटिमीटरांची रेघ फार चिवट निघाली.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. जितके घासावे तितके हेड बुटके होते, कॉम्प्रेशन वाढते आणि कॅमचे चाक खाली सरकल्याने चेनचा आणि टायमिंगचा हिशेब थोडा बदलतो. वाक ०.१ मिलिमीटरपेक्षा बराच जास्त असेल तर घरी घासत बसू नये, चांगल्या मशीन शॉपमध्ये फेसिंग करून घ्यावे. आणि प्लगचे भोक व वॉल्व्हची सीट यांच्या मधल्या चिंचोळ्या भागात तडा दिसला तर त्या हेडवर खर्चच करू नये. घासून झाल्यावर हेड साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवावे, प्रत्येक भोकातून हवा मारावी आणि तेलाच्या वाटा विशेष लक्ष देऊन साफ कराव्यात. पॉलिश पेपरची चिमूटभर पूड आत राहिली तर कॅमचे नुकसान होते, आणि तसे झाले तर एवढी मेहनत न केलेली बरी.

वॉल्व्ह काढलेलेच आहेत, तर त्यांचीही परीक्षा करून घ्यावी. ते स्प्रिंगसह जागेवर बसवून पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतावे आणि पाच मिनिटे वाट पाहावी. वॉल्व्हच्या कडेने ओल झिरपली तर ग्राइंडिंग पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासावा, सगळीकडे एकसारखी राखाडी कडी दिसली की पेस्ट कणभरही न ठेवता धुऊन काढावी. वॉल्व्हच्या दांड्यांवरचे रबरी सील याच वेळी नवे घालावेत.

स्टडचे आटे गेले असतील तर त्यावर आमच्या कारागिराने सुचवलेला उपाय, म्हणजे मोठा स्टड ठोकून बसवणे, मी स्वीकारला नाही. क्रँककेसमधले भोक थोडे मोठे करून, त्यात नवे आटे पाडून पोलादी तारेचे वेटोळे म्हणजे हेलीकॉइल बसवले, की जुन्याच मापाचा स्टड राहतो आणि त्याची पकड मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा अधिक टिकाऊ होते. हे काम मात्र लेथवाल्याकडूनच करून घ्यावे, कारण भोक जरा जरी तिरपे पडले तरी स्टड हेडच्या भोकात अडतो.

आता जोडणी. नवे गॅस्केट पूर्ण कोरडे आणि स्वच्छ बसवावे. त्याला शेलॅक किंवा सिलिकॉन फासण्याची पद्धत सर्रास आहे, पण गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितलेले नसेल तर हेडच्या गॅस्केटला काहीही लावू नये; दाबाखाली जास्तीचे सिलिकॉन आत सरकते, त्याचा तुकडा तेलाच्या वाटेत जातो आणि कॅम कोरडा पडतो. हेड आणि ब्लॉक यांचा नेम धरणाऱ्या पोकळ पिना आणि तेलाच्या वाटेवरचा ओ-रिंग आपापल्या जागी आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहावे. तेल चढणाऱ्या स्टडवरच्या नटाखाली तांब्याचा वॉशर येतो, तो नवाच घ्यावा; नवा मिळाला नाही तर जुना गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. तांबे लोखंडासारखे पाण्याने कडक होत नाही.

नट आवळण्याच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. पान्याने आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे आट्यांत थोडी माती किंवा गंज असला तर टॉर्क पाना (पिळण्याचा जोर मोजणारा पाना) पुस्तिकेतला आकडा दाखवून ‘टक’ असा आवाज करील, पण स्टड प्रत्यक्षात अर्धाही ताणला गेलेला नसेल. म्हणून आटे तारेच्या ब्रशाने साफ करून, त्यांना इंजिन ऑइलचे बोट लावून मगच नट फिरवावेत. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. टॉर्कचा आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा आणि त्याचे एकक दोनदा वाचावे, कारण जुन्या पुस्तिकांत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो आणि आजच्या पान्यांवर न्यूटन-मीटरमध्ये. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. पाना लहान पल्ल्याचा हवा. मोटारीच्या चाकांसाठी असलेला मोठा पाना त्याच्या पल्ल्याच्या तळाशी भरवशाचा नसतो. तिरपे समोरासमोर, तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा एका संथ ओढीत पूर्ण करावा; बाजूचा छोटा बोल्ट सर्वांत शेवटी.

मग ‘टी’ची खूण आणि कॅमच्या चाकाची खूण दोन्ही फोटोशी जुळवून चेन चढवावी, ताण बसवावा आणि प्लग न लावता मॅग्नेटोचे चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडले तर जोर लावू नये; खुणा पुन्हा पाहाव्यात, एक दाताचा फरक पडलेला असतो. सगळे मोकळे फिरले की टॅपेटची फट लावावी. या घराण्यातल्या जुन्या इंजिनांत ती थंड असताना ०.०५ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे सपाटी मोजलेले तेच पान इथेही उपयोगी पडते.

पहिल्यांदा सुरू करताना टॅपेटचे झाकण उघडे ठेवून पाहावे. रॉकरवर तेल पोचल्याचे काही क्षणांत दिसले पाहिजे. दिसले नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण गॅस्केट उलटे बसले असेल किंवा वाट बुजली असेल. आमच्या गाडीत तेलाचा पहिला थेंब रॉकरच्या टोकावर आला तेव्हा पुतण्या जवळजवळ ओरडलाच. नंतर गाडी दहा मिनिटे मंद चालवून बंद केली, रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी सांधा पाहिला आणि टॅपेटची फट पुन्हा तपासली. नट पुन्हा ओढावेत का, हे पुस्तिका आणि गॅस्केटची जात ठरवते. जुन्या पद्धतीच्या जाड गॅस्केटला काही चक्रांनंतर, थंड इंजिनावर, त्याच आकड्यापर्यंत एकदा तपासणी लागते, आणि तशी केली तर टॅपेट पुन्हा पाहावेच लागतात.

पहिल्या ५०० किलोमीटरांपर्यंत मी दर रविवारी सांध्याच्या खालच्या कडेवरून पांढरे फडके फिरवत असे. पुढे एकदा महेश्वरला जाऊन आलो. परतीच्या घाटात तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल पूर्ण उघडला तरी तो चिक-चिक आवाज आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखालची फरशी कोरडी होती.